ट्रंकेवरचं आडनाव

आमच्या घरात गहू ठेवायची एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं आहेत. रंग बराच उडालाय, तरी वाचता येतं: बर्जेस. हे आमचं आडनाव. घरी आलेलं माणूस ट्रंक बघून म्हणतं, वा, आडनाव घालून घेतलंय की! आम्ही मान हलवतो. खरी गोष्ट अशी, की हे आडनाव आधी ट्रंकेचं होतं, मग आमचं झालं.

निदान पप्पा तसं सांगायचे. माझे आजोबा नगरच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या घोड्यांना खरारा करायचे. साहेब मायदेशी गेला आणि ट्रंक मागे राहिली. पुढं आजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हा पाळकांनी विचारलं, आडनाव काय लावायचं? तिसगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथं आमच्या घराण्याला येसकर म्हणत. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा. रात्री वेस बंद करायची, येणाऱ्याला ‘कोण?’ म्हणून हटकायचं, सकाळी उघडायची, आणि या सगळ्याच्या बदल्यात घरोघरची भाकर मागून आणायची. राखायचं गाव, आणि राहायचं मात्र वेशीच्या बाहेर, गावकुसापलीकडच्या वस्तीत. आजोबांना ते नाव नको होतं. “ट्रंकेवर नाव होतंच,” पप्पा म्हणायचे, “खोडायचं म्हटलं तर पुन्हा रंग आणावा लागला असता.”

आई होती तेव्हा ती या गोष्टीला थाप म्हणायची. तिच्या मते नाव पाळकांनीच सुचवलं आणि ट्रंक पुढं जुन्या बाजारातून आली. खरंखोटं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मला ट्रंकेची गोष्ट पटते, कारण ट्रंक घरात आहे.

असल्या आडनावाचा त्रास काय असतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवते. नव्या पालकांना माझं आडनाव कळलं की आधी ते माझ्या रंगाकडं बघतात. मग विचारतात, “तुम्ही गोव्याच्या का?” मी म्हणते, नाही, इथलीच. “पण मराठी किती छान बोलता हो!” मराठीच्या बाईला हे सांगायला हिंमत लागते. मग थोडा वेळ इकडचं तिकडचं होतं, आणि शेवटी हळूच, आवाज खाली आणून, खरा प्रश्न येतो: “म्हणजे मूळचे कोण तुम्ही?”

आपल्याकडं आडनाव विचारणं म्हणजे काय असतं, हे मी कुणाला समजावून सांगायला नको. नाव आपल्या आईबापांनी ठेवलेलं असतं, त्यात कुणाला रस नसतो. आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोक्यातला एक कप्पा उघडतो, त्यात आपल्याला ठेवून तो बंद होतो, आणि मग चहा येतो. आमच्या आडनावाला कप्पा सापडायचा नाही. माझी चिडचिड व्हायची. पप्पांची कधी झालेली मी पाहिली नाही. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. कुणी “मूळचे कोण?” विचारलं, की हात पुसत पुसत म्हणायचे, “मूळचे येसकर. आता बर्जेस. उद्या काय होईल ते देवाला माहीत. गाडीचा क्लच गेलाय, तो आधी बघू का?”

हे असं आडनाव मजेत वागवणारा माणूस गेल्या हिवाळ्यात एकदा जेवता जेवता मला म्हणाला, “माझ्या दगडावर आडनाव घालू नको.”

मला आधी कसला दगड तेच कळेना. मग कळलं. आमच्याकडं कबरीवर दगड बसवतात. नाव, जन्म, मरण आणि शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एखादं वचन.

“का?” मी विचारलं.

“नाव घाल. तारखा घाल. बास. आडनाव नको.”

“पण का?”

“भाजी चांगली झालीय,” ते म्हणाले. विषय संपवायची ही त्यांची पद्धत होती. भाजी दोडक्याची होती आणि त्यांना दोडका आवडायचा नाही. मी पुन्हा एकदोनदा खोदून विचारलं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आषाढात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. म्हातारपण होतं, त्रास झाला नाही, लोक म्हणाले सोनं झालं. असेल. मला काहीच वाटलं नाही. हे मी लाजून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतेय. दाढ काढल्यावर गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं. लोक येत होते, मी चहा करत होते. कोणी गळ्यात पडून रडलं की मी त्यांच्या पाठीवर थोपटायची. पाळकांनी विचारलं, कोणतं गीत घ्यायचं? म्हटलं, तुम्हाला पाठ असेल ते घ्या. ते जरा दुखावले. धाकटा भाऊ पुण्याहून आला, दफनानंतर राहिला, आणि माझ्यासारखं त्याच्यानं बसवेना म्हणून त्यानं घरातले सगळे नळ दुरुस्त केले.

भाऊ जायच्या आधी मी त्याला दगडाचं सांगितलं.

“ताई, काहीतरीच काय!” तो म्हणाला. “सगळ्या कबरस्तानात एकट्या पप्पांचा दगड बिनआडनावाचा? लोक म्हणतील, पोरांनी आडनाव लपवलं. म्हणतील, लाज वाटली.”

“त्यांनीच सांगितलंय.”

“कधी? कुणासमोर? कारण काय?”

मला कारण माहीत नव्हतं. भाऊ म्हणाला, “मग कारण कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.” तो लहानपणापासून असाच आहे. आणि त्याचं चूक होतं असंही नाही. बापाच्या शेवटच्या दगडावर काय राहणार आणि काय जाणार, हे एका दोडक्याच्या भाजीवरच्या बोलण्यावरून कसं ठरवायचं? नाताळच्या आधी दगड बसवायचा, एवढं मात्र ठरलं.

मी शाळेच्या ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. का काढला, ते सांगता येणार नाही. दुःख होत नव्हतं, मोकळ्या तासाला करायला काही नव्हतं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी आपल्या आडनावाचा अर्थ बघितलेला नव्हता. दुसऱ्यांच्या आडनावांचे अर्थ मी वर्गात रंगवून सांगते. नगरकर म्हणजे नगरचा, पण नगरात राहणाऱ्याला कुणी नगरकर म्हणत नाही. नगर सोडून दुसरीकडं गेला की तो नगरकर होतो. आता तर शहराचंच नाव बदललं, एसटीच्या पाट्या नव्या झाल्या; आमच्या तोंडातलं नगर मात्र अजून जात नाही. असलं सगळं मी पोरांना सांगत आलेय. स्वतःच्या आडनावाशी आले की फळा पुसायची.

कोशात होतं ते असं. बर्ग म्हणजे तटबंदीचं गाव किंवा शहर. बर्जेस म्हणजे त्या तटाच्या आत राहणारा माणूस. नुसता राहणारा नव्हे, हक्कानं राहणारा. ज्याला तिथं जागा आहे, शहराच्या कारभारात ज्याचं मत विचारलं जातं असा. शहर त्याचं आणि तो शहराचा. पुढं शहराच्या वतीनं बोलायला जो जायचा, त्यालाही हाच शब्द लागला. फ्रेंचांकडून इंग्रजांकडं आलेला हा शब्द. त्याचाच दुसरा फाटा म्हणजे बूर्ज्वा. हे वाचून मी एकटीच हसले. पप्पा लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते. वर्कशॉपच्या गेटवर मूठ वळून ‘बूर्ज्वा मुर्दाबाद’ म्हणून ओरडायचे आणि आत जाऊन हजेरीला तेच नाव सांगायचे. त्यांना हे कळलं असतं तर महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले असते. सांगायला ते नव्हते, हे मला हसून झाल्यावर आठवलं.

खाली आणखी एक गोष्ट होती. इंग्लंडात या माणसाला शहरातल्या आपल्या जागेबद्दल ठरलेला सारा भरावा लागे. स्कॉटलंडात साऱ्याऐवजी चाकरी चाले. चाकरी कसली, तर शहराची राखण.

मी ते पुन्हा वाचलं. राखण करायची, म्हणून तटाच्या आत जागा मिळायची, आणि त्या माणसाला बर्जेस म्हणायचे. आमचा पणजोबाही राखणच करायचा. मला राग यायला हवा होता. घंटा झाली, मी कोश कपाटात ठेवला आणि सातवीच्या वर्गावर गेले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी गावाहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे पप्पांचे सख्खे चुलतभाऊ. आजोबा नगरला येऊन ख्रिस्ती झाले, पण त्यांचे भाऊ गावातच राहिले. आबा त्यांतल्या एकाचा मुलगा. त्यांचं आडनाव अजून येसकरच आहे. उमेदीत दर साली कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जायचे, आता गुडघ्यांमुळं जात नाहीत. वस्तीतल्या बाकी सगळ्यांनी गावकीची कामं केव्हाच सोडून दिली. चांगलं केलं. आबांनी एकच काम ठेवलंय: पोळ्याला वेशीला तोरण बांधायचं. वस्तीतली तरुण पोरं त्यावरून त्यांना बोलतात, त्यांची स्वतःची मुलंही बोलतात. ते ऐकून घेतात आणि पोळ्याला पुन्हा शिडी काढतात.

पप्पा दर पोळ्याला सकाळच्या गाडीनं गावाला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. “जाऊन येतो,” म्हणायचे. मला वाटायचं, पुरणपोळीसाठी जातात. आबा फोनवर म्हणाले, “पोरी, पोळ्याला ये. शिडी धरायला तुझा बाप असायचा. या साली कुनीच न्हाई.”

मी गेले. शिडी धरायला माणूस हवं होतं, एवढंच कळलं, म्हणून गेले.

आमच्या गावाची वेस आता नावाला उरलीय. एका बाजूचा दगडी खांब आहे, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा नवा; एका मोबाईलच्या दुकानाची पाठ त्याला टेकलेली. गंमत अशी, की एसटी स्टँड, मेडिकल, पतसंस्था, वडापावच्या गाड्या, सगळं वेशीच्या बाहेर आलंय. आत निम्म्या घरांना कुलपं आहेत. पण पोळ्याच्या दिवशी जनावरं वेशीतूनच आत यावी लागतात, आणि रीत अजून तीच आहे. येसकरानं तोरण बांधायचं, बाहेरच्या बाजूला उभं राहायचं, आणि शेवटचं जनावर आत गेल्याशिवाय स्वतः वेस ओलांडायची नाही. मग आतून कुणीतरी पोळीचा नैवेद्य आणून त्याच्या हातावर ठेवायचा.

मी शिडी धरली. आबांनी आंब्याच्या पानांचा दोर दोन्ही खांबांना बांधला. एकेका पायरीवर थांबत ते उतरले तोच पांढऱ्या शर्टातली दोन तरुण मुलं माझ्याकडं आली. गावात नवं मंडळ झालंय. गावाचं नाव काढणाऱ्या, बाहेर राहणाऱ्या लोकांचा ते पोळ्याला सत्कार करतात.

“बर्जेस मॅडम ना? नगरच्या? वडील गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. या, आत या, बसा.”

“मी इथंच बरी आहे,” मी म्हटलं.

“असं कसं! पाहुण्यांनी उन्हात उभं राहायचं होय?”

मी आबांकडं बघितलं. ते म्हणाले, “जा, जा. बस जा.” मला वाद घालायचं त्राण नव्हतं, त्या दिवसांत कशालाच नव्हतं. मी वेशीतून आत गेले आणि मांडवातल्या एका खुर्चीवर बसले. प्लास्टिकची खुर्ची, तिला पांढरं कापड घातलेलं. हातात नारळ दिला, खांद्यावर शाल टाकली. शेजारी गावातले दोन म्हातारे बसले होते, आमचं घराणं कोणतं ते पुरतं ठाऊक असलेले. पोरांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी इंग्रजी आडनाव ऐकलं, नगरचं मोठं घराणं समजले. म्हाताऱ्यांनी मला नमस्कार केला आणि समोर बघत राहिले.

बैलजोड्या मोजक्याच होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मानाच्या बैलानं तोरण तोडलं, ढोल वाजला. मग ट्रॅक्टर आले, फुगे बांधलेले, एकामागून एक, भलती मोठी रांग. ट्रॅक्टर हेही आता जनावरातच धरतात, त्यामुळं शेवटचा ट्रॅक्टर आत जाईपर्यंत आबांना बाहेर थांबायचं होतं. मला खुर्चीवरून ते समोर दिसत होते. वेशीच्या चौकटीत, उन्हात, तुटलेल्या तोरणाचा दोर हातात गुंडाळून उभे. मध्येच त्यांनी शेजारच्या माणसांना काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडं बोट केलं. ती माणसं माझ्याकडं बघायला लागली. आबांचं बोट तसंच होतं. मी शाल सारखी केली आणि फुगे बघू लागले.

एकाच आज्याची आम्ही नातवंडं-पतवंडं. ट्रंकेवरचं नाव लावणारी सावलीत, ते न लावणारा उन्हात. हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं, पण आत काही हललं नाही. खांद्यावरची शाल गरम होत होती, तेवढं कळत होतं.

नंतर आबांच्या घरी चहा झाला. मी विचारलं, “पप्पांनाही इथं बसवायचे का खुर्चीवर?”

“न्हाई गं. त्यो दर साली माझ्यासंगं भाईरच उभा राहायचा, शिडी धरून. ह्ये मंडळ गेल्या सालीच झालं. गेल्या सालीच बसवला त्याला. त्याच खुर्चीवर.”

“मग?”

“मग काय. बसला. नारळ घेतला. पर पोळी काय खाल्ली न्हाई त्यानं. रुमालात बांदून भाईर आनली, माझ्या हातात दिली. म्हनला, पुढल्या साली म्या येनार न्हाई. म्या म्हनलं, का रं? तर बोलायलाच तयार न्हाई. तसाच गाडीत बसून गेला. लई गप गेला.”

म्हणजे कारण सापडलं. परतीच्या गाडीत करंजीचा घाट येईपर्यंत माझी खात्री झाली. पप्पा त्या खुर्चीवरून मी पाहिलं तेच बघत बसले असणार. आयुष्यभर हे आडनाव त्यांनी मजेत वागवलं, आणि म्हातारपणी एका दुपारी त्यानं त्यांना तटाच्या आत नेऊन बसवलं, भाऊ बाहेर ठेवून. समोर बोट रोखून भाऊ लोकांना दाखवतोय: बघा, हा आत बसलाय. उठावंसं वाटलं असेल, उठवलं नसेल. शाल अंगावर असताना माणसाला उठता येत नाही, ते मी अनुभवलं होतं. म्हणून दगडावर आडनाव नको.

मी भावाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं रुमालातल्या पोळीचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “ठीक आहे ताई. नको घालू.”

दगड कोरणाऱ्याचं दुकान कबरस्तानापासून जवळच आहे. आता छिन्नी-हातोडी नाही, संगणकावर अक्षरं मांडून मशीननं कोरतात. त्यानं सवयीनं विचारलं, फोटो घालायचा का, वेलबुट्टी घालायची का. मी सगळ्याला नाही म्हटलं. “आडनाव?” नाही. त्यानं मान वर करून बघितलं. “मॅडम, आडनाव नाही? राहून गेलं असं वाटेल.”

“वाटू दे,” मी म्हटलं.

दगड बसला तेव्हा मी बघायला गेले. काळा गुळगुळीत दगड. पप्पांचं नाव डाव्या बाजूला होतं आणि उजवीकडं वीतभर मोकळी जागा सोडलेली. मी त्याच्यावर डाफरले. नाव मधोमध नको होतं का घ्यायला? तो म्हणाला, “अक्षरांची मांडणी तशीच बसते, मॅडम.” मला ते पटलं नाही. पण आता काय करणार? झालं ते झालं म्हणून मी घरी आले.

नाताळच्या अलीकडं आबा डोळे दाखवायला नगरला आले. डॉक्टरांकडून घरी आले, जेवले, गव्हाच्या ट्रंकेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “चल, त्याला बघून येऊ.”

आम्ही कबरस्तानात गेलो. संध्याकाळचं ऊन होतं. आबांनी चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, इथं चपला घालून चालतं. “असू दे,” ते म्हणाले. दगडापुढं जाऊन त्यांनी वाकून एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यात डोळ्यांत औषध घातलेलं. पप्पांचं नाव वाचलं. मग बोट पुढं सरकलं आणि मोकळ्या जागेत फिरलं.

“फुडलं दिसंना मला. काय लिवलंय?”

“पुढं काही नाही, आबा. आडनाव घातलं नाही. पप्पांनीच नको म्हणून सांगितलं होतं.”

“का?”

मी सांगितलं. पोळ्याचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं, ते आत आणि तुम्ही बाहेर, हेही सांगितलं. मी धड्याचा सारांश सांगावा तसं सांगत होते. “आणि तुम्ही बोट करून दाखवत होतात ना लोकांना. त्यांना ते लागलं असणार.”

आबा सरळ उभे राहिले. त्यांना काही कळेना असं तोंड झालं.

“बोट? आगं, म्या बोट केलं, व्हय. दर मानसाला दावत हुतो. म्हनलं, बगा, त्यो खुर्चीवर बसलाय त्यो माजा भाऊ हाय. बर्जेस म्हनत्यात त्याला. आमच्या येसकराचं पोरगं आज गावानं आत खुर्चीवर बसवलं, बगा! तुलाबी दावलं की या साली. म्हनलं, ती आमची पोर.”

त्या वेळी मी फुगे बघत बसले होते.

“आन ह्यो येडा,” आबा दगडाकडं बघून म्हणाले, “ह्यो मनाला लावून बसला व्हय? सालभर? मला इचारायचं तरी. आं? इचारायचं तरी!”

ते दगडाशीच बोलत होते. मग खाली बसले. पंच्यानं डोळे पुसले, औषध घातलेले डोळे पुसू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं तरी.

“त्याचा अर्थ काय असतो गं?” त्यांनी विचारलं. “बर्जेसचा.”

आमच्या घराण्यात इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तटाच्या आतला माणूस. गावात ज्याची हक्काची जागा असते असा. आणि काही ठिकाणी त्या जागेच्या बदल्यात गावाची राखण करणारा.

आबांनी विचार केला.

“म्हंजी येसकरच की,” ते म्हणाले. “फकस्त आत राहनारा.”

मला रडू आलं. आषाढापासून थांबलेलं सगळं एकदम आलं, आवाज करून आलं. मी आबांच्या शेजारी मातीत बसले आणि पप्पांसाठी रडले. सावलीतल्या त्या खुर्चीवर बसून आपला भाऊ आपल्याला दोष देतोय असं समजून बसलेल्या, पोळी रुमालात बांधणाऱ्या, वर्षभर मुकाट राहिलेल्या माझ्या बापासाठी रडले. मला त्यांची फार दया आली. आबा माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

“लिवून घे,” ते म्हणाले. “जागा हाय. त्याला काय कळतंय? आता मला वाचायचंय ते.”

मी नाक पुसलं आणि तिथूनच दगडवाल्याला फोन लावला. म्हटलं, तुम्ही म्हणालात तसं आडनाव राहून गेलंय, येऊन घालून द्या. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं, मॅडम. म्हणून तर जागा सोडली होती.”